चिखलणीच्या ऐन हंगामात अडणारा ट्रॅक्टर : गिअरपेटी व डिफरन्शियल यांच्या बिघाडाची परीक्षा आणि दुरुस्ती

मावळातील भातशेतीचे वर्षाचे गणित आषाढाच्या तीन-चार आठवड्यांत सुटते किंवा चुकते. राबातील रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की ते लावणीस योग्य होते, आणि त्या वेळी खाचरात चिखल तयार असावाच लागतो. वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेला ‘इंद्रायणी’ हा ह्या भागाचा आवडता वाण सुमारे १३५ ते १४० दिवसांत तयार होतो. त्याचे रोप राबात जून झाले तर फुटवे कमी येतात, लोंब्या कमी होतात आणि पुढे कितीही खत दिले तरी ही उणीव भरून निघत नाही.

तळेगाव दाभाड्याच्या परिसरात बैलजोड्या कमी होत गेल्या तशी चिखलणीची जबाबदारी ट्रॅक्टरवर आली. एका ट्रॅक्टरवर अनेक कुटुंबांच्या खाचरांची पाळी लागलेली असते. अशा वेळी गिअरपेटी किंवा डिफरन्शियल निकामी होऊन ट्रॅक्टर आठ दिवस बांधाला उभा राहिला, तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही. पाळीत मागे असलेल्या प्रत्येकाचे रोप तेवढे जून होते. म्हणून ह्या भागांची माहिती केवळ मिस्त्रीला असून भागणार नाही. ती ट्रॅक्टरच्या मालकास व चालकासही असली पाहिजे.

इंजिनाचा धूर दिसतो, टायरची झीज दिसते. परंतु गिअरपेटी व डिफरन्शियल बिडाच्या जाड कवचात तेलात बुडालेली असतात. त्यामुळे ‘आतले काय कळणार’ अशी एक समजूत झालेली आढळते. ही समजूत चुकीची आहे. हे भाग क्वचितच एकाएकी मोडतात. बहुतेक वेळा ते आवाजाने, तेलाच्या रंगाने आणि हाताला जाणवणाऱ्या ढिलाईने आधी सूचना देतात. आणि मोडल्यानंतरही दोष नेमका कोठे आहे, हे कवच न उघडता पुष्कळ अंशी ठरविता येते. ही परीक्षा कशी करावी, दुरुस्तीच्या वेळी मालकाने कशावर लक्ष ठेवावे आणि बिघाड टाळण्यासाठी काय करावे, ह्याचा विचार येथे केला आहे.

शक्तीचा मार्ग

इंजिनाची शक्ती प्रथम क्लचमधून गिअरपेटीत जाते. गिअरपेटीतील लहानमोठ्या दंतचक्रांमुळे वेग कमी होतो व जोर वाढतो. तेथून ती पिनियन नावाच्या लहान शंक्वाकृती दंतचक्राकडे येते. हा पिनियन क्राउन नावाच्या मोठ्या चक्राला फिरवितो आणि शक्तीची दिशा काटकोनात वळून ती दोन्ही बाजूंच्या चाकांकडे निघते. क्राउनला जोडलेल्या पेटीत डिफरन्शियलची छोटी दंतचक्रे असतात. त्यांच्यातून दोन हाफ शाफ्ट निघतात आणि चाकाजवळ आणखी एकदा वेग घटविला जाऊन अखेर चाक फिरते.

ह्या मार्गावर जोर किती वाढतो ते पाहण्यासारखे आहे. मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरच्या मागील चाकाचा परीघ सुमारे ४.१ मीटर असतो. ताशी अडीच किलोमीटर वेगाने चिखलणी करताना ट्रॅक्टर मिनिटास सुमारे ४२ मीटर जातो, म्हणजे चाकाचे फेरे होतात अवघे १०. त्याच वेळी इंजिन मिनिटास २००० फेरे करीत असेल, तर वेग २०० पटींनी घटला आणि घर्षणातील तूट सोडता पीळ जवळजवळ तितक्याच पटींनी वाढला. ही वाढ उपयुक्त ओढीला जशी लागू आहे, तशीच ती धक्क्यालाही लागू आहे. इंजिनाचा वेग वाढवून क्लच एकदम सोडला म्हणजे तो धक्का गुणाकार होऊन हाफ शाफ्टवर व शेवटच्या दंतचक्रांवर येऊन आदळतो. पुष्कळ दात अशाच धक्क्यांनी तडकतात.

डिफरन्शियल चिखलात का अडते ?

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात, म्हणून वळणावर बाहेरचे चाक अधिक व आतले कमी अंतर सहज कापते. ट्रॅक्टरच्या चाकांना इंजिनाने फिरवावयाचे असल्यामुळे ती अशी मोकळी सोडता येत नाहीत. ही अडचण डिफरन्शियलने दूर होते. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकेर ह्या यंत्रज्ञाने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती योजिली. मोटारी व ट्रॅक्टर ह्यांच्यात आजही तेच तत्त्व वापरले जाते. वळताना आतले चाक जेवढे मंदावते तेवढेच बाहेरचे चाक जलद होते.

मात्र ह्या युक्तीला एक मर्यादा आहे. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. जोखडाच्या एका बाजूच्या बैलाने खांदा दिला नाही तर दुसऱ्याचे बळ वाया जाते, तसेच येथे घडते. एक चाक चिखलात सुटून गरगर फिरू लागले की त्याला पीळ लागत नाही; म्हणून घट्ट जमिनीवरील दुसऱ्या चाकालाही तो मिळत नाही आणि ते स्तब्ध उभे राहते. ह्यावर उपाय म्हणून डिफरन्शियल लॉक दिलेला असतो. तो दाबला की दोन्ही हाफ शाफ्ट एकत्र बांधले जाऊन दोन्ही चाके सारखी फिरतात.

लॉकचा उपयोग चुकीच्या वेळी केल्यास तो उपकाराऐवजी अपकार करतो. एक चाक वेगाने फिरत असताना लॉक दाबला तर स्थिर व फिरते असे दोन भाग क्षणात एकमेकांना अडकतात आणि लॉकचे दात, हाफ शाफ्ट किंवा डिफरन्शियलची छोटी चक्रे तुटतात. म्हणून प्रथम क्लच दाबून चाके थांबू द्यावीत, मग लॉक लावावा, नंतर क्लच सावकाश सोडावा. लॉक लावलेला असताना ट्रॅक्टर वळवू नये, आणि घट्ट जमीन लागताच लॉक सुटल्याची खात्री करावी. केजव्हील लावलेल्या ट्रॅक्टरबाबत हे विशेष लक्षात ठेवावे. चिखलात केजव्हील उपयुक्त असली तरी तीच बांधावरून किंवा डांबरी रस्त्यावरून नेल्यास तिचा प्रत्येक दणका आसातून आत पोचतो.

ट्रॅक्टर चालतच नाही : उघडण्यापूर्वीची परीक्षा

इंजिन सुरू आहे, गिअर पडतो, क्लच सोडला, तरी ट्रॅक्टर जागचा हलत नाही. अशा वेळी ‘गिअरपेटी गेली’ असा निष्कर्ष ताबडतोब काढला जातो. परंतु दोष चार ठिकाणी असू शकतो : क्लच, गिअरपेटी, डिफरन्शियल किंवा हाफ शाफ्ट व त्यापुढील भाग. खर्चाच्या दृष्टीने ह्या चार दोषांत फार मोठे अंतर आहे. म्हणून पुढील क्रमाने परीक्षा करावी.

पहिली गोष्ट, क्लच सोडताना इंजिनाचा आवाज ऐकावा. इंजिन दबून बंद पडत असेल तर क्लच धरतो आहे व पुढे काही तरी जाम झाले आहे. इंजिनावर मुळीच भार येत नसेल तर क्लच घसरतो आहे किंवा पुढे काही तरी तुटले आहे. क्लचच्या पेडलला पुस्तिकेत सांगितलेली मोकळी चाल आहे की नाही हे आधी पाहावे. ही चाल संपून क्लच सतत अर्धवट दाबलेला राहणे, हे क्लच घसरण्याचे नेहमीचे कारण असून त्याची दुरुस्ती पुष्कळदा एका नटाच्या फिरवणीने होते.

दुसरी गोष्ट, सपाट जागी ट्रॅक्टर सरळ ठेवून, चाके स्थिर असताना डिफरन्शियल लॉक लावावा आणि हलका गिअर टाकून क्लच अगदी सावकाश सोडावा. लॉकशिवाय न हलणारा ट्रॅक्टर लॉक लावताच पुढे सरकला, तर बहुतेक बनावटींत त्याचा अर्थ एकच होतो : क्लच, गिअरपेटी व क्राउन-पिनियन शाबूत आहेत आणि एका बाजूचा हाफ शाफ्ट किंवा चाकाजवळचे दंतचक्र तुटले आहे. तुटलेल्या बाजूला पीळ लागत नसल्यामुळे दुसरी बाजूही लुळी पडली होती. लॉकने ती कामाला लावली. ही परीक्षा दोन-चार हात अंतरापुरतीच करावी, लॉकच्या जोरावर ट्रॅक्टर चालवीत नेऊ नये.

तिसरी गोष्ट, पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावून मागील दोन्ही चाके जमिनीपासून उचलावीत व आसाखाली भक्कम घोडे द्यावेत. केवळ जॅकवर विश्वासून ट्रॅक्टरखाली जाऊ नये. इंजिन बंद, हातब्रेक मोकळा आणि गिअर टाकलेला ठेवून एक चाक हाताने पुढे फिरवावे. दुसरे चाक तितकेच मागे फिरले तर डिफरन्शियल व दोन्ही हाफ शाफ्ट धड आहेत. एक चाक मोकळे फिरते व दुसरे हलत नाही, तर मधला दुवा तुटलेला आहे. दोन्ही चाके मुळीच फिरत नसतील तर ब्रेक चिकटला आहे किंवा लॉक सुटलेला नाही अशी शंका घ्यावी. लॉक अडकला असल्यास गिअर काढल्यावर दोन्ही चाके एकाच दिशेने एकदम फिरतात.

चौथी गोष्ट, गिअरचा दांडा जागचा हलत नाही आणि ट्रॅक्टर पुढेही जात नाही व मागेही जात नाही, तर एकाच वेळी दोन गिअर पडले असण्याचा संभव असतो. हा दोष बहुधा वरच्या झाकणातील फाळ व अटकाव ह्यांच्यात असतो. झाकण काढून फाळ मधल्या जागी आणले की काम होते. पण अटकाव का झिजला ते पाहून तो बदलावा, अन्यथा तोच प्रसंग पुन्हा चिखलात येतो.

ह्या परीक्षेचे मोल एका उदाहरणावरून दिसेल. तळेगावच्या पश्चिमेकडील एका गावी चिखलणी चालू असता ट्रॅक्टर खाचरातच थांबला. मागील संपूर्ण भाग उघडावा लागेल व सामान येईपर्यंत आठ-दहा दिवस जातील, असा पहिला अंदाज निघाला. मालकाने पाळीतील लोकांना तसा निरोपही धाडला. ट्रॅक्टर ओढून बांधावर घेतल्यावर वरील दुसरी व तिसरी परीक्षा केली, तेव्हा उजवा हाफ शाफ्ट तेवढा तुटल्याचे ठरले. त्या बाजूचे आसघर तेवढे उतरवून, तुटका तुकडा व आत पडलेले कण काढून नवा शाफ्ट बसविला आणि चौथ्या दिवशी ट्रॅक्टर पुन्हा खाचरात उतरला. वाचलेल्या पैशापेक्षा वाचलेले दिवस अधिक मोलाचे होते, कारण पाळीतील शेवटच्या खाचरांचे रोप त्यामुळे वेळेत लागले.

आवाजावरून निदान

ट्रॅक्टर चालत आहे पण आवाज बदलला आहे, ही अवस्था निदानाला सर्वांत सोयीची असते. गिअर न टाकता क्लच सोडलेला असताना घरघर येते व क्लच दाबताच थांबते, तर गिअरपेटीच्या पहिल्या शाफ्टचे बेअरिंग झिजले आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग तपासावे. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर दोष त्या गिअरच्या जोडीत असतो. सर्व गिअरमध्ये सारखाच असेल तर शाफ्टचे बेअरिंग, तेलाची पातळी किंवा मागील क्राउन-पिनियन ह्यांच्याकडे पाहावे. ओढ असताना कण्हल्यासारखा येणारा व उतारावर ओढ सुटताच बदलणारा आवाज क्राउन-पिनियनचा होय. केवळ वळणावर होणारा कटकटाट डिफरन्शियलच्या छोट्या चक्रांचा किंवा त्यांच्यामागील चकत्यांचा असतो.

नियमित पडणारा ठोका तर मोजताच येतो. चाकावर खडूने खूण करून ट्रॅक्टर कठीण सपाट जमिनीवर अगदी हळू चालवावा व चाकाच्या एका फेऱ्यात किती ठोके पडतात ते मोजावे. समजा, चाकाजवळील घट पाच पट व क्राउन-पिनियनची घट चार पट आहे. मग फेऱ्यास एक ठोका पडल्यास दोष चाकाच्या आसावर किंवा तेथील मोठ्या चक्रात आहे, पाच पडल्यास क्राउनच्या दातात, आणि मोजता न येण्याइतके जलद, म्हणजे वीसच्या आसपास, पडल्यास पिनियनमध्ये. आपल्या ट्रॅक्टरचे हे आकडे पुस्तिकेतून अगर विक्रेत्याकडून घेऊन ठेवावेत.

तेल पाहावे, चोळावे, तापवावे

मावळात ह्या भागांचा सर्वांत मोठा शत्रू पाणी होय. त्याचा शिरकाव कसा होतो हे समजून घेतले पाहिजे. काम करताना कवच तापते व आतील हवा फुगते. ती बाहेर जाण्यासाठी वर एक छोटे ब्रीदर असते. चिखलाने ते बुजले तर दाब वाढून तेल सीलमधून झिरपते. नंतर तोच तापलेला ट्रॅक्टर खाचराच्या गार पाण्यात उभा राहिला की आतील हवा आकसते आणि झिजलेल्या सीलच्या कडेतून पाणी व गाळ आत ओढून घेते. सील बदलूनही पुन्हा पुन्हा पाणी शिरत असेल, तर बुजलेले ब्रीदर हे त्याचे कारण असू शकते. ते साफ करावयास पाच मिनिटेही लागत नाहीत.

पाणी मिसळलेले तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसते. खात्री करावयाची असेल तर थोडे तेल काचेच्या बाटलीत रात्रभर स्थिर ठेवावे. मोकळे पाणी तळाशी बसते. अगर दोन थेंब तापलेल्या लोखंडी पत्र्यावर टाकावेत. तडतडले तर पाणी आहे असे समजावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत हेच तेल हायड्रॉलिक लिफ्टलाही पुरविले जाते. त्यामुळे अवजार झटक्यांनी उचलले जाणे किंवा पंप कर्कश वाजणे, ही तेल बिघडल्याची किंवा कमी झाल्याची पहिली खूण ठरते.

तेल सोडताना निचऱ्याच्या बुचावरील चुंबक पाहावे. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे ही स्वाभाविक झीज आहे. चकचकीत पापुद्रे आढळले तर बेअरिंग किंवा दातांचा पृष्ठभाग सुटू लागला आहे. चुंबकाला न चिकटणारे सोनेरी कण तेलात दिसले तर ते पितळी बुश किंवा चकत्यांचे असतात. दाताचा तुकडा निघाला तर ट्रॅक्टर त्याच क्षणी थांबवावा, कारण तो तुकडा दुसऱ्या दोन दातांच्या मधे सापडला म्हणजे दुरुस्ती अनेक पटींनी वाढते. जळकट वास व काळा रंग ही अति उष्णतेची खूण होय.

पाणी शिरल्याचे आढळल्यास ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी बूच सावकाश सैल करावे, म्हणजे तळाचे पाणी आधी निघून जाते. त्यानंतर उरलेले तेल काढून, गाळणी बदलून, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे नवे तेल भरावे. एका बदलाने भागत नसेल तर थोड्या वापरानंतर पुन्हा बदलावे. आत घासलेट टाकून ट्रॅक्टर चालविणे टाळावे. त्याने तेलाचा थर धुऊन जातो व बेअरिंगे कोरडी फिरतात.

तेलाच्या प्रतीविषयी एक इशारा अवश्य आहे. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत २००८ साली मोटारींचा कारखाना सुरू झाला, आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर मोटार दुरुस्तीची कामे पूर्वीपासूनच चालत आली आहेत. त्यामुळे ह्या भागात मोटारींचे जाणते कारागीर सहज मिळतात. मात्र मोटारीच्या डिफरन्शियलला योग्य असलेले तेल ट्रॅक्टरला योग्य असतेच असे नाही. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक त्याच तेलात बुडालेले असतात, त्यात मोटारीचे तेल घातल्यास ब्रेक किंचाळतात व नीट धरत नाहीत. काही तेलांतील रसायने पितळी भागांना अपायकारकही ठरतात. तेल घेताना पुस्तिकेतील प्रत पाहावी, कोणाच्या सवयीवर जाऊ नये.

दुरुस्तीच्या वेळी मालकाने काय पाहावे ?

कवच उघडून दंतचक्रे बसविणे हे अनुभवी मिस्त्रीचे काम आहे. परंतु मालकाने तेथे हजर राहून पुढील गोष्टींची खात्री करून घ्यावी.

१. ट्रॅक्टर उघडण्यापूर्वी बाहेरून पूर्ण धुऊन कोरडा करावा. बेअरिंगांच्या टोप्या, त्यांच्या डाव्या-उजव्या बाजू व पत्र्याच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, ह्यांवर उघडतानाच खुणा करून त्या क्रमाने ठेवाव्यात.

२. क्राउन व पिनियन कारखान्यात एकमेकांशी घासून जुळविलेले असतात व बहुधा दोहोंवर जोडीचा एकच क्रमांक असतो. त्यांपैकी एकच बदलण्याची काटकसर करू नये. नवे चक्र जुन्याशी जुळत नाही व थोड्याच काळात दोन्ही जातात.

३. दातांमधील मोकळी जागा डायल गेजने मोजावी. ती सामान्यतः ०.१५ ते ०.३० मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोन-तीन कागदांच्या जाडीइतकी असते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. क्राउनच्या घेरावर चार ठिकाणी माप घ्यावे. ते ठिकठिकाणी फार वेगळे आले तर क्राउन वाकडा बसला आहे.

४. दातांवर तेलात कालविलेल्या रंगाचा पातळ लेप देऊन चक्र फिरवावे व ठसा पाहावा. ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे असावा. तो बाहेरच्या रुंद टोकाला पडला तर क्राउन पिनियनकडे सरकवावा, आतल्या टोकाला पडला तर दूर न्यावा. दाताच्या माथ्यावर पडला तर पिनियन आत घ्यावा, मुळाशी पडला तर बाहेर काढावा. हे सर्व शिम कमीअधिक करून साधते. एक सुधारताना दुसरे बदलते, म्हणून दरवेळी मोकळी जागा पुन्हा मोजावी.

५. पिनियनच्या तिरप्या बेअरिंगांना ठरलेला ताण द्यावा लागतो. पिनियनच्या तोंडाभोवती दोरी गुंडाळून ती ताणकाट्याने ओढली म्हणजे हा ताण मोजता येतो. ‘हाताला बरे वाटते’ एवढ्यावर भागवू नये. सैल बेअरिंगात ठसा बदलत राहतो आणि घट्ट बेअरिंग तापून जळते.

६. क्राउनचे बोल्ट ताण-पान्याने आवळून त्यांच्या अटकाव-पट्ट्या नव्या घालाव्यात. ऑइल सीलची ओठाची बाजू तेलाकडे असावी, आणि शाफ्टवर जेथे सील घासते तेथे खाच पडली असल्यास तिचाही बंदोबस्त करावा.

तुटलेला हाफ शाफ्ट फेकून देण्यापूर्वी त्याचे तोंड पाहावे. तुटलेल्या जागी शिंपल्यासारख्या गुळगुळीत वलयरेषा असतील व थोडाच भाग खडबडीत असेल, तर चीर पूर्वीपासून हळूहळू वाढत होती. सारे तोंड खडबडीत असेल किंवा शाफ्टच्या खाचा पिळलेल्या असतील, तर एकाच जबर धक्क्याने तो गेला आहे. पहिल्या प्रकारात दुसऱ्या बाजूचा शाफ्टही तपासून घ्यावा. दुसऱ्या प्रकारात चालकाच्या सवयींकडे लक्ष द्यावे. तुटका शाफ्ट वेल्डिंगने जोडण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि जोड पहिल्याच ओढीत दगा देतो. रस्त्यावर भरलेली ट्रॉली मागे असताना हे घडल्यास काय होईल, ह्याचा विचार केलेला बरा.

जिवावर बेतणारी एक चूक

ट्रॅक्टर चिखलात रुतला म्हणजे मागील चाकांना आडवे लाकूड बांधून तो बाहेर काढण्याचा प्रयत्न केला जातो. ही रीत अत्यंत घातक आहे. लाकूड अडकून चाके फिरेनाशी झाली की इंजिनाचा पीळ कोठे तरी जावयास हवा. पिनियन क्राउनवर चढू लागतो आणि चाकांऐवजी सारा ट्रॅक्टरच आसाभोवती मागे उलटतो. समोरचा भाग उचलला गेल्यापासून चालक खाली सापडेपर्यंत दीड सेकंदही लागत नाही. क्लच दाबण्यास अवधी मिळत नाही. दात तुटले तर ट्रॅक्टर वाचतो आणि दात टिकले तर माणूस जातो, असा हा प्रसंग आहे.

रुतलेल्या ट्रॅक्टरचे अवजार प्रथम सोडावे, चाकांपुढील व मागील चिखल काढावा आणि शक्य तो उलट्या गिअरने आल्या वाटेने बाहेर यावे. तेवढ्याने न जमल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरने, साखळी आसाच्या उंचीपेक्षा खालच्या हूकला बांधून, सावकाश ओढावे. पुढे-मागे गिअर टाकीत झोके देणे हे दातांचे आयुष्य संपविण्याचे काम होय. संरक्षक चौकट व आसनपट्टा असलेला ट्रॅक्टर असेल तर त्यांचा वापर कधीही टाळू नये.

वर्षाचे वेळापत्रक

निदान व दुरुस्ती ह्यांची खरी वेळ वैशाख होय, आषाढ नव्हे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तेल काढून पाहावे, चुंबक तपासावे, चाके उचलून ढिलाई पाहावी, ब्रीदर व सील ह्यांची व्यवस्था करावी. त्या वेळी मिस्त्रीला सवड असते व सामान येण्यास आठ दिवस लागले तरी बिघडत नाही. चिखलणीच्या दिवसांत रोज सकाळी तेलाची पातळी व रंग पाहावा, सायंकाळी आसांभोवती गुंडाळलेले गवत व पेंढा सोडवावा. हा पेंढाच सीलची कड कापतो. लावणी आटोपताच, पाणी दिसो वा न दिसो, तेल तपासावे. पाणी राहिलेले तेल घेऊन ट्रॅक्टर भाद्रपद-आश्विनात उभा राहिला, तर बेअरिंगांवर गंज बसतो व पुढील वर्षाचा बिघाड तेथेच सुरू होतो.

लहान व चढउताराच्या खाचरांत जेथे पॉवर टिलर चालतो, तेथे वळण्यासाठी बहुधा डिफरन्शियलऐवजी दोन बाजूंचे स्टिअरिंग क्लच असतात. त्यांचे निदान वेगळे असले तरी तेल, सील व ब्रीदर ह्यांविषयीचे नियम तेच आहेत. नवीन ट्रॅक्टर घेताना मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेचा परीक्षण-अहवाल विक्रेत्याकडे मागावा. परीक्षणानंतर यंत्र उघडून आतील झीज मोजली जाते; तिची नोंद घेणाऱ्यास उपयोगी पडते.

दुरुस्तीनंतर प्रारंभीचे काही तास ट्रॅक्टर हलक्या ओढीवर चालवावा आणि कवचावर हात ठेवून पाहावा. हात टेकवत नसेल इतके ते तापत असेल तर थांबून कारण शोधावे. तेल भरल्याची तारीख, तास, तेलाची प्रत व बदललेले भाग ह्यांची नोंद एका वहीत ठेवावी. ट्रॅक्टर चालविणारे हात हंगामात बदलत असतात. नव्या चालकाने कामास लागण्यापूर्वी ती वही वाचावी आणि पहिल्या दिवशी निदान एक फेरा ट्रॅक्टर रिकामा चालवून त्याचा धड असतानाचा आवाज कानात साठवावा. पुढे त्यात पडलेला फरक त्यालाच सर्वांच्या आधी कळेल.